धुंधुरमासांतील दहिवर

महाराष्ट्रांतील बहुतेक घरांत धुंधुरमास आतां एका पहाटेच्या जेवणापुरता उरला आहे. सूर्य धनुराशींत असतो त्या महिन्यांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, एखाद्या सोयीच्या रविवारीं घरांतील बायका भल्या पहाटे उठतात. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा व वांग्याचें भरीत असा नैवेद्य सूर्योदयापूर्वीं देवास दाखवितात. आणि डोळे चोळीत पाटावर बसलेलीं मुलें तो खाऊन पुन्हां पांघरुणांत शिरतात. आमच्या घरींही वर्षानुवर्षें हाच क्रम होता. गेल्या हिवाळ्यांत त्यांत थोडा पालट झाला. तो कसा झाला व त्यापासून आम्हांस काय लाभलें, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

आमचें बिऱ्हाड चिंचवडास, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर. कुटुंब एकत्र, थोरले बंधु, वहिनी, आम्ही उभयतां, दोन पुतणे, त्यांच्या बायका व मुलें मिळून दोन्ही वेळां अकरा ताटें मांडावीं लागतात. आम्हीं चौतीस वर्षें एका कारखान्याच्या नकाशे काढण्याच्या खात्यांत काम केलें. निवृत्तीच्या दिवशीं मुलांनीं एक कॅमेरा भेट दिला. तो पुढें चार वर्षें कपाटांत शालीखालीं सुखानें निजला होता.

दिवाळीच्या सुटींत पुतण्याची मुलगी चि. गौरी हिनें तो उठविला. तिचें वय अकरा, आणि प्रश्न विचारण्याची हौस वयाच्या तिप्पट. कॅमेऱ्याबरोबर जवळच्या वस्तु मोठ्या करून दाखविणारें एक भिंग होतें. तें लावून तिनें गच्चीवरील तुळशीच्या मंजिरीचें छायाचित्र घेतलें आणि पडद्यावर मोठें करून सर्वांस दाखविलें. मंजिरीवर बारीक पांढरी लव उभी होती. वहिनी म्हणाल्या, "चाळीस वर्षें हिला पाणी घालतें आहें, पण हिला मिशा आहेत हें आजच कळलें!" त्या दिवसापासून घरांतील कोणतीही वस्तु गौरीच्या भिंगांतून सुटली नाहीं.

तिच्या वाचनांत विल्सन बेंटली नांवाच्या अमेरिकन शेतकऱ्याची गोष्ट आली होती. व्हरमाँट प्रांतांतील जेरिको गांवीं राहणाऱ्या या तरुणानें १५ जानेवारी १८८५ रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमकणाचें छायाचित्र घेतलें. पुढें जन्मभर प्रत्येक हिवाळा त्यानें याच कामीं लाविला व पांच हजारांहून अधिक हिमकणांचीं चित्रें घेतलीं. त्यांतील निवडक चित्रांचा मोठा ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो वारला. गायी पाळून पोट भरणाऱ्या या माणसानें दंवाचीं व खिडकीच्या कांचेवरील हिमाचींही चित्रें काढलीं होतीं. गौरीनें विचारिलें, "आजोबा, आपण असें कां करूं नये?"

आम्ही हंसलों. पिंपरी-चिंचवडांत हिम कोठून आणावयाचें? पुण्याच्या वेधशाळेंतील आजवरचें नीचांकी उष्णतामान १७ जानेवारी १९३५ चें, तेंही १.७ अंश सेल्सिअस, म्हणजे शून्याच्या वरच. पण मुलीचा आग्रह मोडवेना. शेवटीं नेम ठरला तो असा: धनुर्मासाच्या पहिल्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत रोज सूर्योदयाच्या वेळीं बाहेर असावयाचें; छायाचित्रें हवीं तितकीं घ्यावयाचीं, पण वहींत एकच ठेवावयाचें; त्याखालीं तारीख, वेळ, उष्णतामान आणि वस्तूचें नांव लिहावयाचें. हिम नाहीं तर दहिवर. गौरीची शाळा दुपारची असल्यानें घरच्या वडील माणसांनीं हरकत घेतली नाहीं. वहिनींनीं मात्र कानटोपी घातल्यावांचून उंबरठा ओलांडावयाचा नाहीं, अशी अट घातली. ती आम्हां दोघांनाही लागू होती.

पहिले तीन दिवस आम्ही पवनेच्या घाटावर गेलों. घाट सुंदर, पण दंव कोठेंच नाहीं. दिवे लखलखत होते, फरसबंदी हाताला कोमट लागत होती आणि जें थोडें गवत फटींतून वर आलें होतें तें कोरडें होतें. तीन दिवसांच्या वहींत मिळून आलें तें एका उभ्या मोटारीच्या टपावरील दंव. गौरीचें तोंड उतरलें.

दंव पडतें असें आपण बोलतों, पण तें आकाशांतून पडत नसतें. स्वच्छ व निर्वात रात्रीं जमिनीवरील वस्तु आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकून देतात. गवताचें पातें पातळ. त्याच्याजवळ उष्णतेचा सांठा थोडा. म्हणून तें भोंवतालच्या हवेहूनही अधिक थंड होतें आणि हवेंतील वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. दगड व सिमेंट दिवसभर ऊन पितात व रात्रभर तें हळूहळू सोडीत राहतात. त्यांच्यावर दंव सहसा धरत नाहीं. हा उलगडा प्रथम नीट केला तो विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरानें, १८१४ सालच्या आपल्या निबंधांत. त्यानें लंडनजवळच्या एका बागेंत लोंकरीचे सारख्या वजनाचे पुंजके कांहीं उघड्यावर व कांहीं फळीच्या खालीं ठेविले आणि सकाळीं त्यांचें वजन केलें. उघड्यावरचे पुंजके फार जड भरले.

हें सांगतांच गौरीनें तो प्रयोग करावयाचें ठरविलें. लोंकर नव्हती, देवघरांतील वातींचा कापूस होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वातींचा कापूस दंवांत भिजवायला निघालां! उद्यां देवापुढें पाणी जाळूं कीं काय?" पण बोलतां बोलतां त्यांनींच तीन सारखे पुंजके पिंजून दिले. एक पुंजका गच्चीच्या फरशीवर, एक कुंडींतल्या हरळीवर व एक त्याच कुंडीजवळ पाटाखालीं ठेविला. सकाळीं स्वयंपाकघरांतील तराजूनें निकाल दिला: हरळीवरचा भिजलेला, पाटाखालचा जेमतेम ओलसर, फरशीवरचा जवळजवळ कोरडा. तेव्हां दंव हवें तर गवताच्या व उघड्या आकाशाच्या शोधांत गेलें पाहिजे, हें ठरलें.

तो शोध आमच्या धाकट्या पुतण्यानें सोपा केला. तो चाकणकडील एका कारखान्यांत नोकरीस आहे व त्या महिन्यांत त्याची पहिली पाळी होती. "काका, वाटेंत तुम्हांला सोडीत जाईन, येतांना बसनें या," असें तो म्हणाला. चौथ्या दिवशीं पावणेसहाला आम्ही निघालों. भोसरी मागें पडली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, चिंबळी आली. कामगारांच्या बसगाड्यांची एक लांबच लांब दिव्यांची माळ आमच्याबरोबर उत्तरेस चालली होती. कुरुळीच्या अलीकडे एका कच्च्या वाटेच्या तोंडाशीं पुतण्यानें आम्हांस उतरविलें. दोन बाजूंस गुदामांचीं पत्र्याचीं छपरें, आणि मध्यें चार-पांच एकरांचें एक शेत: अर्ध्यांत हरभरा, अर्ध्यांत कांदा, बांधावर एक जुनाट आंबा व त्याभोंवतीं गुडघाभर वाळकें गवत. उजाडूं लागलें तसें तें सारें शेत रुपेरी झालें. गौरी कांहीं बोलली नाहीं. तिनें टोपी सारखी केली व सरळ ओल्या गवतांत गुडघे टेकले.

जवळून छायाचित्र घेण्याच्या कामांत पहिला गुरु म्हणजे धीर. भिंग वस्तूच्या इतक्या निकट न्यावें लागतें कीं स्पष्ट दिसणारा भाग तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकाच उरतो. पातें किंचित् हललें कीं सारें पुसट. म्हणून तिपाई हवी, वारा पडलेला हवा आणि श्वासही रोखून धरावा लागतो, कारण तोंडची वाफ भिंगावर बसते. सूर्य उगवल्यापासून पाऊण तास हा खरा मुहूर्त. किडे थंडीनें आंखडलेले असतात. त्यांचें रक्त हवेबरोबर थंड होतें व ऊन लागेपर्यंत त्यांना उडतां येत नाहीं. एरवीं हाताच्या सांवलीनें पळणारा चतुर गवताच्या काडीला पाय मिठी घालून बसलेला असतो. त्याच्या पंखांच्या जाळींत घरोघर थेंब भरलेले, डोळ्यांवर थेंबांची दाट रांगोळी. ऊन चढलें कीं तो पंख थरथरवितो, थेंब झाडतो आणि आपल्या डोळ्यांदेखत नाहींसा होतो. कोळ्याचें जाळें रात्रीं कोणाला दिसत नाहीं. सकाळीं मात्र त्याचा धागा न् धागा मोजून घ्यावा.

थेंब स्वतःच एक भिंग होय, हें आम्हांस सातव्या दिवशीं कळलें. गवताच्या टोंकाशीं लोंबणाऱ्या थेंबावर नजर खिळविली तेव्हां त्यांत बांधावरचा आंबा दिसला, पण उलटा. मुळें वर, शेंडा खालीं. आंब्यामागें पलीकडच्या गुदामाचें निळें छप्पर होतें, तेंही उलटें. गौरी म्हणाली, "आजोबा, एवढ्याशा थेंबांत सगळें मावलें!" त्या दिवशींच्या पानावर तेंच चित्र आहे.

एके सकाळीं तिनें दुसरेंच कांहीं टिपलें. नांगरलेल्या उघड्या पट्टीवर उष्णतामापक जमिनीवर ठेविला तर पारा एक आंकडा दाखवी, आणि तोच हातभर वर धरला तर त्याहून थोडा कमी! आम्ही प्रथम तिला चुकीबद्दल दटावलें. घरीं येऊन पुस्तकें पाहिलीं तेव्हां आमचीच चूक ध्यानीं आली. हवामान खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरची ती इमारत अजून 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते. तेथील कृषि-हवामान शाखेचे प्रमुख डॉ. रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनीं १९३२ सालीं असें दाखवून दिलें कीं, स्वच्छ व शांत रात्रीं उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नसते. ती वीतभर ते हातभर उंचीवर असते. सर्व ग्रंथांच्या विरुद्ध असल्यानें प्रथम पुष्कळांनीं तें मानलें नाहीं. आज तो थर जगभर 'रामदास थर' या नांवानें ओळखला जातो व त्याचें कारण लावण्यासाठीं बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं पुढें कित्येक वर्षें खर्चिलीं. पाटीवरच्या मुलीस जें दिसलें तें खोडून टाकण्यापूर्वीं वडिलांनीं एकदां स्वतः वांकून पाहावें, एवढा धडा आम्हीं घेतला.

शेताचे मालक पहिल्या दिवशीं दुरून पाहत उभे होते. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं विचारिलें, "साहेब, मोजणीला आलांत का?" आम्हीं नाहीं म्हणतांच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. आठवड्यानें ते आम्हांस 'अण्णा' म्हणूं लागले. आम्ही त्यांना 'पाटील' म्हणत असूं. त्यांनींच गौरीला हरभऱ्याची आंब चाखविली. हरभऱ्याच्या पाना-देठांवर बारीक केस असतात व त्यांतून आंबट रस पाझरतो. तो दंवांत मिसळतो. पाटलांच्या आई पहाटे धुतलेलें धोतर हरभऱ्यावरून पसरीत, तें भिजलें कीं पिळून बाटलींत भरीत व पोटदुखीवर वर्षभर देत. "बूट घालून ह्यांत हिंडूं नका, अण्णा; कातडं खातंय हे पाणी," असा इशाराही त्यांनीं दिला. तो आम्हीं उशिरा मानला व एक चांगला जोड गमावला. पुढें भिंगांतून पाहिलें तेव्हां प्रत्येक केसाच्या टोंकाला टांचणीच्या डोक्याहून लहान असा एकेक थेंब, जणूं कोणी मोजून ठेवावा तसा दिसला.

पण दंव सर्वांसच गोड नसतें. एके दिवशीं दाट धुकें होतें. दहा वाजले तरी पातीं ओलीं. आम्ही अर्थातच आनंदांत. पाटील कांद्याच्या वाफ्यांत बसून एकेक पात उलटून पाहत होते. "तुमचं दंव तुम्हाला ग्वाड, अण्णा. माझ्या कांद्याला करपा." पात पुष्कळ वेळ ओली राहिली कीं तिच्यावर बुरशी धरते, जांभळट डाग पडतात व पात शेंड्याकडून करपत येते. चाकणची बाजारपेठ कांद्यासाठीं नांवाजलेली; त्या एका धुक्याचा हिशोब तेथें पैशांत होतो. त्या सकाळचीं आमचीं चित्रें फार सुरेख आलीं. पण वहींत ठेविलें तें करप्याच्या डागाचें. तें गौरीनें निवडलें, आम्हीं नव्हे.

जानेवारीच्या आरंभीं महाबळेश्वरीं हिम धरलें असें वर्तमान आलें. वाईस आमचे नातलग आहेत. त्यांच्याकडे मुक्काम करून आम्ही पहाटे पसरणीचा घाट चढलों, पांचगणी मागें टाकली व वेण्णा तलावावर पोंचलों. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनीं १८४२ च्या सुमारास बांधविलेला हा तलाव डोंगरावरच्या खोलगट जागेंत आहे. थंड हवा जड. ती उतारांवरून ओघळून येथें व लिंगमळ्याच्या बाजूस सांचते. म्हणून गांवांत पारा पुष्कळ वर असतांही येथील गवत शून्याखालीं जाऊं शकतें. त्या सकाळीं गवत, नावांचे काठ व मोटारींचे टप पांढरे झाले होते. भिंगाखालीं पाहिलें तों तें पांढरेपण नव्हतेंच; पानाच्या कडेवर कांचेच्या सुयांची दाटी होती व प्रत्येक सुईला बारीक दांते. बेंटलीच्या पंक्तींत नाहीं तरी त्याच्या अंगणांत आल्यासारखें गौरीस वाटलें. पण पंधरा मिनिटांत ऊन आलें आणि सुया पाणी झाल्या. जवळच एक शेतकरी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरचें आच्छादन काढून काळें पडलेलें पान चिमटीनें खुडीत होता. येथेंही सौंदर्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडत होता.

खरें हिम पाहून आल्यावर पुढच्याच रविवारीं आम्ही आळंदीस गेलों. घाटाकडे वळतांच गौरी ओरडली, "आजोबा, इथेंही हिम!" आणि ती धांवली. इंद्रायणीचें पात्र एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरें शुभ्र होतें. वाऱ्यानें त्याचे गोळे उचलले जात होते. आम्ही तिला थांबवूं शकलों नाहीं, पण वासानें थांबविलें. तो फेंस होता. वरच्या वस्त्यांचें व उद्योगांचें न शुद्ध केलेलें पाणी नदींत येतें आणि बंधाऱ्यावरून पडतांना त्याचा असा फेंस होतो. गेलीं कांहीं वर्षें वारकऱ्यांस तो वारंवार पाहावा लागत आहे. गौरीनें कॅमेरा पिशवींतून काढला, थोडा वेळ हातांत धरला व परत ठेविला. परततांना ती एवढेंच म्हणाली, "दुरून अगदीं तसेंच दिसत होतें."

हें वाक्य आमच्या मनांत रुतून बसलें, आणि त्याचें कारण आमच्या नोकरींत आहे. कारखान्याच्या वाढीसाठीं घेतलेल्या जमिनींचे नकाशे आमच्या मेजावर येत. ज्या भागावर अजून बांधकाम नसे त्यावर आम्ही शाईनें रेघा ओढून 'रिकामी जागा' असें लिहीत असूं. चौतीस वर्षांत असे किती शेरे लिहिले याची गणती नाहीं. अक्षर आमचें चांगलें होतें. साहेब त्याची वाखाणणी करीत. त्या शब्दाखालीं हरभरा होता कीं कुरण, विहीर होती कीं मुंग्यांचें वारूळ, हें पाहावयास आम्ही एकदांही मेजावरून उठलों नाहीं. दुरून तें तसेंच दिसत होतें.

आणि ही जमीन रिकामी नाहीं याचा पुरावा आमच्या उद्योगनगरीच्या जन्मकथेंतच आहे. पिंपरीची कीर्ति प्रथम झाली ती हिंदुस्थान अँटिबायोटिक्समुळें. १९५४ सालीं स्थापन झालेला हा सरकारी कारखाना पेनिसिलिन बनवूं लागला. पेनिसिलिन म्हणजे एका बुरशीची देणगी. १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंगनें फेंकून देण्याजोग्या बशींत ती बारकाईनें पाहिली म्हणून जगास मिळालेली. पुढें १९६१ च्या सुमारास याच कारखान्याच्या प्रयोगशाळेंत मातींतील एका सूक्ष्म जीवापासून बुरशीच्या रोगांवर चालणारें हॅमायसिन हें औषध सिद्ध झालें. त्या जीवाचें शास्त्रीय नांव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रीना. एका मूठभर मातींत जिच्या नांवाचा जीव निघाला, ती जमीन १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर हळूहळू नकाशांवर रिकामी ठरली. १९८२ सालीं आमच्या गांवांची महानगरपालिका झाली आणि पुढें उद्योगांचा लोंढा चाकणला पोंचला. आज चाकणच्या पश्चिमेस, तुकोबांनीं ज्या भामचंद्राच्या डोंगरावर एकांत शोधिला, त्याच्या पायथ्याच्या गांवांपर्यंत औद्योगिक वसाहत आली आहे. आम्ही कारखान्यांस नांवें ठेवण्यास बसलों नाहीं. आमच्या घरांतील अकरा ताटें त्यांच्याच जिवावर भरलीं आहेत.

म्हणूनच पाटलांच्या प्रश्नानें आम्ही निरुत्तर झालों. संक्रांतीच्या आधीं चार दिवस त्यांनीं आंब्याखालीं घोंगडी पसरली, गौरीच्या हातांत भाजलेल्या हरभऱ्याचा घाटा दिला आणि आम्हांस म्हणाले, "अण्णा, तुम्ही कंपनीत जल्म काढला. गुदामवाला मागं लागलाय. विकूं का ठेवूं?" त्यांचा धाकटा मुलगा कंत्राटावर कारखान्यांत जातो, त्याला शेतांत उतरावयाचें नाहीं. मुलीचें लग्न व्हावयाचें आहे. दोन्ही बाजूंस छपरें झाल्यापासून पावसाचें पाणी भलतीकडून शेतांत शिरतें. 'विकूं नका' हे शब्द आमच्या ओठांवर आले होते, पण कोणासाठीं? आमच्या वहीच्या एका पानासाठीं? आम्हीं तें गिळलें. कागद मागितला, शेताचा मापांत नकाशा काढला, रस्ता, विहीर व घर दाखविलें आणि सांगितलें, "सगळें एकदम देऊं नका. विहीर व घर ज्या अंगाला आहे तो भाग राखा. कागद वकिलाला वाचून दाखविल्यावांचून सही करूं नका." पाटील नकाशा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आंबा पलीकडच्या अंगाला जातोय." तो जात होता, हें खरें. त्या नकाशावर प्रथमच आम्हीं कोठेंही 'रिकामी जागा' लिहिलें नाहीं. 'हरभरा', 'कांदा', 'आंबा', 'बांध' असें लिहिलें.

ज्या वाचकांस हा नेम करावासा वाटेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. किंमती यंत्राची गरज नाहीं. मुलांच्या हातांतील फोनला लावावयाचें लहानसें भिंगही पुष्कळ काम देतें. आदल्या रात्रीं आकाश निरभ्र व वारा पडलेला असेल तर सकाळीं दंव हमखास. अळवाच्या पानापासून आरंभ करावा. त्यावर मेणाचा सूक्ष्म थर असल्यानें थेंब पसरत नाहीं व गोल राहतो. सकाळीं अळवाच्या किंवा गवताच्या कडेला जे सारख्या अंतरावर मोठे थेंब दिसतात ते पुष्कळदां दंव नसून पानानेंच बाहेर टाकलेलें पाणी असतें. हा भेद मुलांना शोधूं द्यावा. थंडींतून घरांत येतांना कॅमेरा पिशवींत बांधून आणावा, नाहींतर घरची उबदार वाफ त्याच्या पोटांत शिरते. कोणत्याही किड्याला चित्रासाठीं हलवूं नये. आणि शेतांत जाण्यापूर्वीं शेताच्या धन्यास विचारावें.

संक्रांतीच्या सकाळीं आम्ही वहिनींनीं दिलेला तिळगूळ व एक पाकीट घेऊन गेलों. पाकिटांत आंबेच्या थेंबाचें मोठें छायाचित्र होतें. पाटलांनीं तें हातभर लांब धरलें, मग जवळ आणलें. "हे माझ्याच शेतातलं?" असें त्यांनीं दोनदां विचारिलें. तिळगूळ तोंडांत टाकून थोडा वेळ ते गप्प राहिले व म्हणाले, "अण्णा, एवढे दिवस तुम्ही बारकं बारकं काढलंत. आता एक मोठ्ठा काढा. सारं शेत येऊं द्या, आंब्यासकट. आन् मी बी उभा ऱ्हातो."

आमच्या भिंगांत तें शेत मावणारें नव्हतें. तें काढून साधें भिंग बसविलें, आणि महिनाभर पुढें पुढें सरकण्याची संवय झालेले आम्ही दोघें मागें मागें सरूं लागलों. बांध ओलांडला, कच्ची वाट ओलांडली, रस्त्याच्या कडेला आलों तेव्हां सारें शेत चौकटींत आलें. पाटील आंब्याखालीं टोपी नीट करून हात जोडून उभे होते. गौरीनें कळ दाबली.

वहींतील शेवटचें पान तेंच आहे. खालीं तारीख आहे, वेळ आहे, उष्णतामान आहे. वस्तूचें नांव लिहावयाच्या जागीं गौरीनें पाटलांचें नांव, मग शेताचा गट क्रमांक व मग 'आंबा एक' असें लिहिलें आहे. हरभरा निघाला कीं खरेदीखत व्हावयाचें होतें, तें झालें. पुढच्या धुंधुरमासासाठीं गौरीनें वहीचीं पानें आतांच आंखून ठेविलीं आहेत, आणि पुतण्यास ती रोज विचारते कीं चाकणच्या पलीकडे वाट कोठवर जाते.